एक नाव वगळलं

उज्ज्वलाअक्का परसातल्या संडासाचं दार लोटून बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या हातात निळ्या झाकणाची डबी होती. डबीवर माझ्याच अक्षरात नंबर लिहिलेला होता, ११७. तो नंबर अक्कांचा नव्हता. त्यांच्या धाकट्या जावेचा, सारिकाचा होता.

"आलात व्हय मॅडम? बरं झालं," अक्का म्हणाल्या. "ही घ्या. म्हटलं आज तुमची गाडी जायची, आमच्यामुळं खोळंबा नको."

मी डबी घेतली. अजून कोमट होती.

"सारिका कुठाय?"

"आत पडलीय. दोन दिवस झालं डोकं ठणकतंय तिचं."

"मग ही डबी?"

"माझीच की." अक्का हसल्या. "तिला हुतच न्हाई वो. त्या रक्तवाढीच्या गोळ्या चालू झाल्यापास्नं चार-चार दिवस पोट साफ न्हाई तिचं. रडकुंडीला आली पोरगी. म्हटलं, माझं रोजचं बिनबोभाट आहे, मी देते. मागच्या बारीला बी मीच दिली हुती."

"मागच्या बारीला?"

"थंडी पडायला लागली तवाची. ती."

अक्कांच्या चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण नव्हती. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तितक्या सहज त्या सांगत होत्या. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि मला म्हणाल्या, "चहा टाकते. बसा."

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून एका संशोधन प्रकल्पावर नुकतीच लागले होते, आणि प्रकल्पाने मला विट्याला पाठवलं होतं. विट्यात यंत्रमाग घरोघर. पहिले काही दिवस त्या खडखडाटात मला फोनवरचं बोलणं ऐकू यायचं नाही. नंतर माग बंद पडले की चुकल्यासारखं वाटायला लागलं.

आमच्या अभ्यासाच्या प्रमुख होत्या डॉक्टर हसबनीस. गरोदरपणात काही बायकांचं बीपी एकाएकी चढतं, अंगावर सूज येते, कुणाला झटके येतात. कधी आई जाते, कधी बाळ, कधी दोघंही. आतड्यात जे कोट्यवधी जंतू वस्तीला असतात त्यांचा यात काही हात आहे का, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. त्यासाठी विटा आणि आसपासच्या गावांतल्या दोनशे चाळीस गरोदर बायका आम्ही निवडल्या होत्या. प्रत्येकीने चौदाव्या, चोविसाव्या आणि चौतिसाव्या आठवड्यात आपल्या शौचाचा नमुना डबीत घालून द्यायचा. मी तो बर्फाच्या पेटीत ठेवायचा. दर गुरुवारी अकरा वाजता पुण्याहून गाडी यायची आणि पेटी घेऊन जायची.

हे बायकांना समजावणं सोपं नव्हतं. पहिल्या बैठकीत एक बाई म्हणाली, "जंतू म्हंजे जंत का?" मी म्हटलं, जंत नव्हे, दह्यात असतात ना तसले, डोळ्यांना न दिसणारे. त्यावर दुसरी म्हणाली, "मग दहीच घेऊन जावा की!" सगळ्या हसल्या, मीही हसले. मग शिस्त लागावी म्हणून जरा आवाज चढवून म्हणाले, "एक लक्षात ठेवा. डबीचा गुरुवार चुकला की नाव गेलं."

असा काही नियम नव्हता. मी तो तिथल्या तिथे केला होता.

बायका मात्र यायच्या, आणि त्या डबीसाठी यायच्या नाहीत हे मला ठाऊक होतं. दर गुरुवारी समाजमंदिराच्या खोलीत मी प्रत्येकीचं बीपी घ्यायची. वरचा आकडा एकशे चाळीसच्या पुढे गेला की त्याच दिवशी बाईला गाडीत घालून सांगलीला न्यायचं, हा नियम मात्र खरा होता. तोपर्यंत अशा तीन बायका आम्ही नेल्या होत्या. तिघी बाळांना घेऊन परत आल्या होत्या. गावभर ते माहीत झालं होतं.

सारिका खारगे सगळ्यांच्या आधी यायची. बावीस वर्षांची, बारीक अंगाची, कमी बोलणारी. नवरा महेश मागावर होता. घरी ती आणि अक्का मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. खोली उघडायच्या आधीच ती पायरीवर बसलेली असायची. आत आली की न सांगता बाही वर सारायची आणि पट्टा सैल होईपर्यंत श्वास धरून बसायची.

"किती आलं?"

"एकशे दहा, सत्तर."

"एकशे दहा, सत्तर," ती पाठ केल्यासारखं म्हणायची आणि मगच उठायची. दुसऱ्या कुणी कधी आकडा विचारला नाही. मला ते कौतुकाचं वाटायचं. बाई जागरूक आहे, एवढाच अर्थ मी काढला होता.

तर त्या गुरुवारी मी तिच्या घरी गेले होते, कारण तिची तिसरी डबी त्या दिवशी यायची होती आणि ती आली नव्हती. तिच्याशिवाय त्या आठवड्याच्या सगळ्या डब्या पेटीत होत्या. तोवर माझ्या हातून एकही नमुना खराब झाला नव्हता. डॉक्टरांनी पुण्याच्या बैठकीत चार लोकांसमोर तसं बोलून दाखवलं होतं, आणि ते मी आईला फोन करून सांगितलं होतं.

मी चहाला थांबले नाही. डबी हातात घेऊन तशीच मधल्या खोलीत गेले.

सारिका गोधडीवर कुशीवर पडली होती. डोक्याला फडकं घट्ट आवळून बांधलं होतं. माझ्या हातातली डबी दिसली तशी ती हाताचा टेकू घेऊन उठून बसली.

"सारिका, ही डबी कुणाची?"

तिने माझ्यामागे उभ्या असलेल्या अक्कांकडे पाहिलं. अक्कांना काही कळेना.

"मला हुईना वो मॅडम," ती म्हणाली. "सोमवारपास्नं बसतेय. न्हाईच झालं."

"मग तसं सांगायचं. दोन दिवसांनी दिली असती, चार दिवसांनी दिली असती."

"तुम्ही म्हणाला हुता, गुरुवार चुकला की नाव जातं."

"आणि खोटं दिलं की राहतं?"

आवाज ऐकून सासू आली. घरात त्यांना सगळे आत्ती म्हणायचे. "काय झालं वो?"

मी सांगितलं. आत्ती ऐकून म्हणाल्या, "एवढंच ना? घाणच ती. हिची काय नि तिची काय."

या वाक्याने माझं डोकं फिरलं. पाच महिने ज्या कामासाठी मी उन्हातान्हात गल्ल्या पालथ्या घालत होते, ते असं एका वाक्यात केरात गेलं. "अक्का गरोदर नाहीत!" मी ओरडलेच. "त्यांच्या नमुन्याचा मला काडीचा उपयोग नाही. उलट सगळा हिशोब बिघडवून टाकलात तुम्ही. पहिली डबी तरी कुणाची होती?"

"पहिली माझीच हुती," सारिका म्हणाली. "शप्पत."

"आता शपथेचं काय करू मी?"

मी रजिस्टर उघडलं. एकशे सतराव्या ओळीवर पट्टी न लावता तिच्यासमोर रेघ मारली. अक्का पुढे आल्या. "मॅडम, माझी चूक हाय वो. तिला कशाला..."

"नियम आहे, अक्का."

मी निघाले, तेव्हा सारिका भिंतीला धरून उभी राहिली. तिचा चेहरा सुजलेला दिसत होता. रडल्यामुळे असेल, असं मी स्वतःशी म्हटलं. तिने बाही दंडापर्यंत सारली आणि हात पुढे केला.

"आजचं तेवढं बघता का? डोकं लई दुखतंय."

यंत्र माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं.

"आता तू आमच्यात नाहीस," मी म्हणाले. "नर्सबाईंना दाखव."

"त्या म्हैन्याच्या नऊ तारखेला येत्यात. परवाच येऊन गेल्या."

"मग दवाखान्यात जा."

"ते रोज उठून कशाला दवाखान्यात जायचं?" आत्ती म्हणाल्या. "गरवारपणात दुखतंच डोकं. नववा लागला की बघू."

सारिकाचा हात तसाच पुढे होता. मी चपला घातल्या आणि बाहेर पडले.

पेटी गाडीत चढवून झाल्यावर मी डॉक्टर हसबनीसांना फोन केला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नमुने बाद कर. ते बरोबरच आहे. बाई कशी आहे पण?"

"ठीक आहे."

"बीपी?"

"एकशे अठरा, शहात्तर."

तो आदल्या गुरुवारचा आकडा होता. मी काही ठरवून बोलले नाही, तो जिभेवर आला.

"बरं. नमुना नसला तरी तिला बघत राहा, तृप्ती. दर आठवड्याला. बाई आपण सोडायची नाही."

"हो, डॉक्टर."

आणि खरंच, पुढच्या गुरुवारी मी तिला निरोप धाडणार होते. चार दिवस जाऊ देत, तिलाही थोडं कळू दे, असं मनात होतं. दुपारी रजिस्टर पूर्ण करताना त्या दिवसाच्या रकान्यात मी एकशे अठरा, शहात्तर लिहून टाकलं. डॉक्टरांना सांगितलेलं आणि कागदावरचं जुळायला हवं म्हणून.

सोमवारी सकाळी समाजमंदिराचं कुलूप काढत होते, तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली बाई म्हणाली, "खारग्यांच्या सुनेचं कळलं का? काल सकाळी चुलीम्होरंच झटके आले. सांगलीला नेलीय."

"आणि?"

"बाई हाय. बाळ न्हाई राहिलं म्हणत्यात."

मी मंगळवारी गेले. सोमवारी दिवसभर मी डब्यांवर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवत बसले होते.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर महेश बसला होता. मला पाहून तो उठला. मला वाटलं, आता हा मला बोलेल. त्याने हात जोडले. "मॅडम, तुम्ही एवढ्या लांब आलात." त्याचे डोळे लाल होते. "मुलगी हुती," तो म्हणाला आणि पुन्हा खाली बसला.

आत एक तरुण डॉक्टर कागद भरत होते. मी कोण ते कळल्यावर म्हणाले, "बरं झालं आलात. तुमच्याकडे दर आठवड्याचं बीपी असतं ना? शेवटचं कधीचं आहे?"

सांगायला मला एवढीशीच संधी हवी होती, आणि ती समोर उभी होती.

"गुरुवारचं," मी म्हणाले. "एकशे अठरा, शहात्तर."

त्यांनी ते लिहून घेतलं. "म्हणजे तीन दिवसांत एकदम चढलं. काहींचं होतं असं. कुणाच्या हातात नसतं." माझा चेहरा पाहून त्यांनी मलाच धीर दिला. "तुम्ही तुमचं काम केलंत."

सारिका खिडकीजवळच्या खाटेवर होती. ओठ चावले गेल्यामुळे काळे पडले होते. उशाशी अक्का बसून होत्या. त्या माझ्याकडे पाहीनात. मी जवळ गेल्यावर सारिकाने डोळे बारीक केले.

"मॅडम व्हय? नीट दिसत न्हाई अजून. डागडाग दिसत्यात. जाईल म्हणालेत."

"जाईल," मी म्हणाले.

"अक्का, जरा पाणी आणता?" तिने जावेला बाहेर पाठवलं. अक्का गेल्यावर तिने हात चाचपत माझा हात धरला.

"एक विचारू? माझी थोरली बहीण असंच झटके येऊन गेली. सुलभा. सातव्या महिन्यात. मी बारा वर्सांची हुते, माझ्याम्होरं झालं सगळं."

फॉर्मवर तो प्रश्न होता. आई, बहीण, मावशी, कुणाला गरोदरपणात बीपीचा त्रास? मी स्वतः तो तिला विचारला होता आणि तिने सासूकडे पाहून "न्हाई" म्हटलं होतं. मी "नाही" वर खूण करून पुढचा प्रश्न घेतला होता.

"मग सांगितलं का नाहीस?"

"आत्तींना ठाव न्हाई. लग्नात लपवलंय. घराण्यात असलं काय हाय म्हटल्यावर कोण करतंय पोरगी?" ती दम घेऊन बोलत होती. "तुमच्याकडं नाव घातलं ते त्यापायीच. दर आठवड्याला कोणतरी बघेल. तुम्ही तीन बायांना गाडीतनं नेलं ना, तवा मी लई निवांत झोपले. म्हणून अक्कांची डबी दिली वो. नाव जाऊ नये म्हणून. दुसरं काय मनात नव्हतं."

मी तिचा हात सोडवून घेतला नाही. सोडवायला हवा होता असं वाटत होतं.

"ती सुलभा," सारिका पुढे म्हणाली, "तिनं सूर्याच्या गिराणात भाजी चिरली हुती म्हणून झालं म्हणत्यात. माझी आय अजून तेच म्हणती. मी कधी खरं मानलं न्हाई. पण मॅडम, तुम्ही शिकलेल्या हाय. मी डबीत खोटं केलं, म्हणून झालं न्हवं हे?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला डाग दिसत होते, माझा चेहरा दिसत नव्हता.

नाही, एवढा एक शब्द. तो खरा होता, आणि तो माझ्याशिवाय कुणी तिला ठामपणे सांगू शकलं नसतं. पण त्याच्यामागून दुसरा प्रश्न येणार होता. मग कशानं झालं? आणि त्याचं उत्तर माझ्या पिशवीत, रजिस्टरच्या एका रकान्यात, माझ्या अक्षरात खोटं लिहिलेलं होतं.

"आता जास्त बोलू नकोस," मी म्हणाले. "पड जरा."

तिने मान हलवली. तिला उत्तर मिळालं होतं. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

अभ्यास पुढे वर्षभर चालला. मी एकही गुरुवार चुकवला नाही. आणखी पाच बायकांना मी सांगलीला नेलं, पाचही परत आल्या. चार वर्षांनी शोधनिबंध छापून आला. बीपी चढलेल्या बायकांच्या आतड्यांतल्या जंतूंमध्ये आम्हाला थोडा फरक दिसला होता; तो फरक आजाराच्या आधीचा की आजारामुळे झालेला, हे सांगता येत नाही असंही त्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं. लेखकांच्या यादीत माझं नाव सातवं होतं. दुसऱ्या पानावर, कोणाला घेतलं आणि कोणाला नाही ते सांगताना, एक वाक्य होतं. नमुना सदोष असल्याने एका सहभागी स्त्रीला वगळण्यात आले. ते वाक्य लिहायचं काम डॉक्टरांनी माझ्याकडेच दिलं होतं.

मग मी साताऱ्याला एका कॉलेजात शिकवायला लागले. लग्न झालं, मुलगा झाला. विट्याचा रस्ता माझ्या वाटेवर कधी आला नाही, आणि येणार नाही याची मी काळजी घेतली.

गेल्या वर्षी डॉक्टर हसबनीस निवृत्त झाल्या. पुण्यात कार्यक्रम होता. सत्तरीला टेकलेल्या त्या बाई उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या आयुष्यातलं मला सगळ्यात समाधान देणारं काम विचाराल, तर विट्याचं. दोनशेएकोणचाळीस बायका होत्या आणि आमच्या दुर्लक्षामुळे एकीचंही वाईट झालं नाही. त्याचं श्रेय तृप्तीला." सगळे वळून माझ्याकडे बघत टाळ्या वाजवायला लागले. मी उठून हात जोडले.

त्यानंतरच्या शनिवारी मी विट्याला गेले.

खारगे त्याच गल्लीत राहत होते. दारात महेशने मला ओळखलं नाही. ओळख सांगितल्यावर फार अगत्याने म्हणाला, सारिका अंगणवाडीत मदतनीस आहे, आत्ता तिथेच सापडेल. आत्ती वारल्या होत्या. अक्का मुलीकडे गेल्या होत्या. घरात लहान मुलाच्या वस्तू दिसतात का, हे मी नको नको म्हणत पाहिलं. दिसल्या नाहीत.

अंगणवाडीच्या पायरीवर सारिका ताटात मूगडाळ निवडत बसली होती. अंगाने भरली होती, कानाजवळ थोडे केस पिकले होते. तिने मान वर केली आणि लगेच म्हणाली, "तृप्ती मॅडम." मला वाटलं नव्हतं तिला माझं नाव ठाऊक असेल.

"डोळे बरे आहेत ना?" मी विचारलं.

"ते तवाच झाले. चष्मा बी न्हाई." ती सरकून बसली. "बसा की."

मी बसले. तिने माझी, घरची चौकशी केली. मुलगा कितवीत आहे विचारलं. मी सांगितलं. आणखी दोन वाक्यं इकडची तिकडची झाली असती, तर मी चहा पिऊन परत गेले असते. म्हणून मी मधेच म्हणाले, "सारिका, मला तुला एक सांगायचंय."

आणि सांगितलं. डबीने काही होत नाही, झालं नाही. अक्कांची डबी दिल्याने माझा एक आकडा चुकला असता, एवढंच. तुझं त्या दिवशी डोकं दुखत होतं, तोंड सुजलं होतं. मी बीपी घेतलं असतं तर ते चढलेलंच दिसलं असतं, आणि मी तुला तशीच गाडीत घालून नेलं असतं. बाळ वाचण्याच्या दिवसांतलं होतं. माझ्या पिशवीत यंत्र होतं. मी रागावले होते म्हणून घेतलं नाही. नंतर दोन ठिकाणी खोटा आकडा सांगितला. आणि तू विचारलंस तेव्हा उत्तर दिलं नाही.

ती डाळ निवडायची थांबली होती. रडेल, ओरडेल, ताट फेकून देईल, मी कशालाही तयार होते. तिने समोरच्या पत्र्याच्या फाटकाकडे पाहिलं.

"म्हंजे डबीनं काय झालं न्हाई," ती म्हणाली.

"नाही."

"अक्कांना किती सांगितलं मी, तुमचा काय दोष न्हाई, डबी मी मागितली. त्यांनी तवापास्नं सोमवार धरलाय. अजून धरत्यात." तिने ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "आणि मी..."

तिने ताट बाजूला ठेवलं.

"दोन वर्सांनी परत दिवस गेले हुते मला. कुणाला ठाव न्हाई, एक अक्का सोडून. ह्यांना बी न्हाई. तिसरा लागला हुता. मी दवाखान्यात जाऊन मोकळी झाले." तिचा आवाज चढला नाही की कापला नाही. "डॉक्टरीण म्हणाली, कशाला बाई, आता औषधं हायत, आम्ही बघू, नीट हुईल. मी म्हटलं, नको. एकदा खोटं करून एक घालवलं, दुसऱ्याला कशाला बोलवायचं मरायला? माझ्या हातनं झालेलं हाय, ते मला फेडू द्या. असं म्हटलं. नंतर राहिलंच न्हाई."

"सारिका, मला..." मी म्हणायला लागले. माफ कर हे शब्द मी साताऱ्याहून येताना एसटीत कितीदा तरी जुळवले होते. तिने हात वर करून मला थांबवलं. त्यात राग नव्हता.

"तुम्ही रागावला हुता, ते मी कवाच सोडलंय," ती म्हणाली. "माणूस रागावतं. मी बी पोरांवर रागावते. पण मी विचारलं हुतं तुम्हाला, मॅडम. हात धरून विचारलं हुतं. तवाच सांगायचं हुतं."

आतून पोरांचा कालवा ऐकू आला. कुणीतरी "मावशी, भूक लागली" म्हणून ओरडलं. सारिकाने डाळीचं ताट उचललं, गुडघ्यावर हात टेकवून उठली आणि आत गेली.

मी थोडा वेळ थांबले. ती परत बाहेर येईल असं वाटलं. मग आत कुकरची शिट्टी झाली आणि तिचा पोरांना रांगेत बसवण्याचा आवाज यायला लागला, तेव्हा मी उठले.